पोटोबाच्या अलीकडे

आमच्या गल्लीत घरांना नंबर होते, पण ते फक्त पोस्टमनला माहीत असत. बाकी सगळा कारभार झाडांवर चालायचा. शिंपी कुठे बसतो? बडबड्याच्या समोर. वाण्याचं दुकान? पोटोबाच्या अलीकडे. आणि आमचं घर डॉक्टरच्या शेजारी. नवखा माणूस बिचारा डॉक्टरची पाटी शोधत फिरायचा आणि आम्ही पोरं खिदळत उभी राहायचो, कारण आमचा डॉक्टर म्हणजे एक उंच निलगिरी होती. तिच्याखालून गेलं की सर्दीच्या मलमाचा वास यायचा. बडबड्या म्हणजे शिरीष. त्याच्या वाळक्या शेंगा वर्षातले कितीतरी महिने खुळखुळत असायच्या, जरासं वारं पुरे व्हायचं. पोटोबा म्हणजे वळणावरचं जांभळाचं झाड. त्याचा बुंधा एका अंगाने इतका सुटला होता की फूटपाथच त्याला वळसा घालून जायचा. ‘आधी पोटोबा, मग कारखाना’ असं आम्ही म्हणायचो, आणि ते शब्दशः खरं होतं, कारण पोटोबाला वळसा घातल्याशिवाय पुढच्या खुर्च्यांच्या कारखान्याकडे जाताच यायचं नाही. कारखान्याच्या फाटकाशी सावर होती. तिच्या बोंडांतून म्हाताऱ्या उडायच्या, म्हणून त्या झाडाचंही नाव म्हातारी.

ही सगळी नावं आत्याने ठेवली होती. आत्या म्हणजे माझ्या बाबांची धाकटी बहीण. लहानपणी तिला मोठा ताप आला आणि जाताना तो तिचे डोळे घेऊन गेला. रंग मात्र तिला आठवत. ‘आज आकाश कुठलं निळं आहे गं, शाईचं की धुतलेल्या चादरीचं?’ असं ती विचारायची आणि मला दर वेळी वर बघून नीट विचार करून सांगावं लागायचं. खोटं सांगितलं तर तिला कळायचं. कसं, ते देव जाणे.

ती कारखान्यात खुर्च्यांना वेत विणायची. पाण्याच्या टबात भिजत टाकलेल्या वेताच्या पट्ट्या एकेक करून उपसायच्या, चौकटीच्या भोकांतून आधी उभ्या ओवायच्या, मग आडव्या, मग तिरक्या, आणि सुटू नये म्हणून भोकात लाकडाची खुंटी ठोकायची. तिच्या बोटांची टोकं इतकी टणक झाली होती की ती गरम भांडं चिमटा न लावता उचलायची. दुरुस्तीला आलेल्या खुर्चीच्या झिजलेल्या विणीवरून ती हात फिरवायची आणि बसणाऱ्याची खुशाल टिंगल करायची. ‘हे गृहस्थ डावीकडे कलून बसतात. बायको उजवीकडे बसत असणार.’

घरापासून कारखान्यापर्यंत ती एकटी जायची आणि एकटी यायची. काठी होती तिच्याकडे, पण ती कुत्र्यांसाठी. हात मात्र कुणाचा धरायची नाही. एखाद्या भल्या माणसाने कळवळून तिचं कोपर धरलं, तर ती त्यालाच म्हणायची, ‘तुम्हाला पलीकडे जायचंय का? चला, सोडते.’

शाळेला सुट्टी असली की आम्ही पोरं तिच्यामागे डोळे मिटून चालायचो. कारखाना येईपर्यंत डोळे उघडायचे नाहीत, एवढीच पैज. पहिल्यांदा मी घाबरून पापण्यांच्या फटीतून बघायचे. मग सवय झाली आणि मग चटकच लागली. डोळे मिटले की आमची एवढीशी गल्ली लांबच लांब व्हायची. कपाळावरचं ऊन सरकत सरकत कानाशी यायचं आणि अचानक खांद्यावर काहीतरी गार येऊन बसायचं. सावलीलाही वजन असतं हे मला तेव्हा कळलं. मलमाचा वास मागे पडायचा, डोक्यावर खुळखुळ सुरू व्हायची, वाढायची, ओसरायची. मग जांभळांच्या दिवसांत चपला चिकटायला लागायच्या, कारण पोटोबाखाली रबडा असायचा, आणि चिक चिक करत आमची वरात त्याच्या पोटावरून हात फिरवत वळायची. त्याची साल खरखरीत होती, पण हाताच्या उंचीवर एक पट्टा गुळगुळीत झालेला. तो आत्याच्या हाताने झालेला, असं शिंपी सांगायचा. आणि सावर फुलायच्या दिवसांत शेवटी कुठेतरी पुढे तिचं जाड फूल थप्प करून पडायचं. आत्या थांबायची. ‘उघडा आता. आहे ना सगळं जागच्या जागी?’

आम्ही डोळे उघडायचो, आणि सगळं असायचं.

पुढे मी लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि चष्म्याच्या दुकानात नोकरीला लागले. आत्याला याची फार मौज वाटायची. ‘एकीला दिसत नाही आणि दुसरी चष्मे विकते. काय जोडी जमवली आहे देवाने!’ आधी आई गेली, मग बाबा गेले. दोन खोल्यांत आत्या एकटी उरली. मी दर आठवड्याच्या सुट्टीला जायचे आणि दर वेळी तेच तुणतुणं वाजवायचे, की आमच्याकडे राहायला चल. सातवा मजला आहे, लिफ्ट आहे, तुझ्यासाठी वेगळी खोली आहे.

‘आणि काम?’

‘काम कशाला हवंय आता? आयुष्यभर केलंस की.’

‘मग तूही सोड. चल, दोघी मिळून तुझ्या लिफ्टमध्ये वर-खाली करू.’

एकदा मी फारच भंडावून सोडलं, तेव्हा तिने भांडण मिटवायचं म्हणून शब्द दिला. ‘हे बघ. ज्या दिवशी कामाला जाताना माझा हात धरावा लागेल, त्या दिवशी मी मुकाट्याने तुझ्याकडे येईन. एक दिवसही आधी नाही.’ आत्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. खरं सांगायचं तर मला तेव्हा वाटलं, की आता फार तर वर्षा-दोन वर्षांचा प्रश्न आहे.

पण तिचे पाय थकले नाहीत. रस्ताच थकला.

नव्या उड्डाणपुलाचा उतार आमच्या गल्लीत उतरणार होता. एके दिवशी माणसं येऊन चारही झाडांच्या बुंध्यांवर पांढऱ्या रंगाची फुली मारून गेली. आत्या संध्याकाळी कामावरून आली ती तळहाताला रंग लावूनच. ‘पोटोबाला कुणी रंगवलं गं? कुठला रंग आहे?’ मी पांढरा म्हणाले. ‘म्हणजे वाईट,’ ती म्हणाली आणि रॉकेलने हात घासत बसली.

मी काही विकासाच्या नावाने बोटं मोडणारी बाई नाही. मलाही कामावर जायला उशीर होतो, मीही बसच्या खिडकीतून पुढच्या गाडीवाल्याला मनातल्या मनात शिव्या घालते. रुंद रस्ता मलाही हवा. फक्त तो दुसऱ्याच्या दारावरून जावा असं प्रत्येकाला वाटतं, आणि या वेळी दार आमचं होतं. गल्लीतल्या लोकांना समजावायला एक तरुण इंजिनिअर आला. स्वभावाने गोड होता मुलगा. नकाशा उलगडून म्हणाला, ‘एका झाडाच्या बदल्यात आम्ही शहराबाहेर दहा झाडं लावतोय.’

‘छान,’ आत्या म्हणाली. ‘मग कारखानाही तिकडेच न्या.’

सगळे हसले, तोही हसला, आणि ठरल्या दिवशी करवती आल्या.

पहिला डॉक्टर गेला. सगळ्या गल्लीत मलमाचा वास दाटून राहिला, उशांच्या अभ्र्यांनासुद्धा यायला लागला. ‘एवढा वास त्याने जन्मात दिला नव्हता,’ आत्या म्हणाली. मग वास गेला. त्याच्या मागोमाग बडबड्या गेला, आणि शिंप्याचं मशीन किती कर्कश चालतं हे लोकांना पहिल्यांदा कळलं. आत्या त्या मशीनच्या आवाजावर वाट काढू लागली. पण शिंपी काही शेंग नव्हता, कधी जेवायला उठायचा, कधी माप घ्यायचा. मशीन थांबलं की आत्याही थांबायची. भर रस्त्यात, मान किंचित वर करून, कुणी हाक मारल्यासारखी. शिंपी ते बघायचा आणि घास टाकून धावत येऊन मशीन चालवायचा, सुईत दोरा असो वा नसो. मला हे त्यानेच सांगितलं.

‘आत्याबाईंना सांगू नका,’ तो म्हणाला. ‘नाहीतर माझं मशीन फुकट चालवल्याबद्दल मलाच बोलतील.’

मग एकाच आठवड्यात पोटोबा आणि म्हातारी दोघंही गेली. मी सुट्टीच्या दिवशी पोहोचले तेव्हा खोडं उपटून खड्डे बुजवलेले होते, वर खडी पसरून रोलर फिरवला होता. वळण सरळ केलं होतं. मी वाण्याच्या दुकानासमोर उभी राहिले आणि मला माझीच गल्ली ओळखू येईना. आकाश फार होतं. जिकडे बघावं तिकडे ऊन, एकाच जाडीचं. मला डोळे असून ही गत, मग आत्याचं काय?

ती घरी होती. साडीचा काठ फाटला होता आणि कोपर सोललं होतं. मला कळायचं ते कळलंच, आणि उरलेलं शिंप्याने सांगितलं. आदल्या दिवशी ती सरळ रस्त्याच्या मधोमध गेली होती आणि एका ट्रकने करकचून ब्रेक लावला होता.

‘आता पुरे,’ मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. ‘बॅग भरते मी.’

‘कुणी हात धरला का माझा?’

‘आत्या!’

‘धरला का? नाही ना? ट्रकने ब्रेक लावला. तो त्याच्या ड्रायव्हरला लावावाच लागतो.’

‘मरशील अशाने!’

‘मरेन की. सातव्या मजल्यावर काय अमृत ठेवलंय तुझ्या?’

मी चिडून स्वयंपाकघरात गेले आणि उगाच स्वच्छ भांडी घासत बसले. थोड्या वेळाने ती आली आणि चाचपडत माझ्या शेजारी उभी राहिली. ‘कारखान्यात जाते तेव्हा मी कुणाची आत्या नसते, कुणाची आंधळी नसते,’ ती हळू म्हणाली. ‘कामगार असते. मालक म्हणतात खुर्च्या घरी पाठवतो. घरी आणून दिलेलं काम म्हणजे औषध गं. मला औषध नकोय. उद्या सकाळी मी जाणार. तू मागून ये हवं तर, पण लांबून.’

आणि कोण जाणे कसं, त्या क्षणी मी पक्ष बदलला. इतकी वर्षं तिने हरावं म्हणून मी टपून बसले होते. आता मला वाटलं, हिने जिंकावं. काहीही होवो, हिने चालत जावं. मी शिंप्याकडे गेले, रडकुंडीला येऊन. त्याने शांतपणे दोरा दातांनी तोडला आणि म्हणाला, ‘तुम्ही नुसत्या मागून चाला. पुढचं गल्ली बघून घेईल.’

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या पायरी उतरली. ऊन नुकतंच वर येत होतं आणि रस्त्यावरची धूळ अजून खाली बसलेली होती. मी थोडं अंतर ठेवून निघाले आणि समोर जे दिसलं ते मला आजही स्वप्नात बघितल्यासारखं वाटतं.

जिथे डॉक्टर होता, बरोबर तिथे, उघड्या रस्त्यावर शेजारच्या काकू उभ्या होत्या. गळ्याला, कपाळाला, दोन्ही हातांना त्यांनी सर्दीचं मलम फासलं होतं, आणि त्यांच्या स्वतःच्याच डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुढे बडबड्याच्या जागी शिंपी, हातात बटणांचा डबा. तो डबा हलवत होता, जोरात नाही, अगदी वाऱ्याच्या बेताने, मधेच थांबून. वळणावर, जिथे आता वळण नव्हतं, तिथे वाणी उभा होता. पोटाच्या बाबतीत त्याचा हात कुणी धरला नसता, म्हणून ती जागा न मागता त्याच्याकडे आली होती. पार लांब फाटकाशी खुद्द कारखान्याचे मालक बादली घेऊन उभे होते आणि ओल्या फडक्यांचे बोळे एकेक करून जमिनीवर टाकत होते. थप्प. थोडा वेळ काहीच नाही. मग पुन्हा थप्प. कडेकडेने येणाऱ्या गाड्यांना लोक हातांनी थोपवत होते आणि गाडीवालेही, आश्चर्य म्हणजे, हॉर्न न वाजवता थांबत होते. कुणी बोलत नव्हतं. माणसं झाडांसारखी उभी होती, आणि मला क्षणभर खरोखर त्यांच्या सावल्या मोठ्या दिसल्या.

आत्या काकूंपाशी आली. तिची चाल जराही अडखळली नाही. नाक किंचित वर झालं आणि ती पुढे गेली. बटणांच्या खुळखुळीखालून गेली. वळणावर तिने सवयीने हात पुढे केला, तो वाण्याच्या पोटाला लागला. वाण्याने श्वास रोखून धरला, डोळे गच्च मिटले. आत्याने त्या पोटावरून हात फिरवत त्याला व्यवस्थित वळसा घातला आणि फाटकाकडे चालू लागली. थप्प. ती थांबली, फाटक चाचपलं आणि आत गेली.

वाण्याने श्वास सोडला तो सगळ्या गल्लीला ऐकू गेला. मग एकच हशा झाला. काकू रडत होत्या, मलमाने की कशाने कोण जाणे. मी शिंप्याचे दोन्ही हात धरून नाचायचीच बाकी होते. ‘रोज करू,’ तो म्हणाला. ‘त्यात काय! पाळ्या लावू.’ मला वाटलं, जिंकलो. चार झाडं गेली तर गेली, आमच्याकडे माणसं आहेत.

संध्याकाळी मी तिला बघायला कारखान्यात गेले. बाकीचे घरी निघाले होते. आत्या एका खुर्चीची शेवटची कड बांधत बसली होती. माझी पावलं ऐकून तिने मान वर केली नाही.

‘उद्या त्यांना उभं करू नका.’

‘कुणाला?’

‘वेड पांघरू नकोस. मलम घरातलं आहे, डॉक्टरचा वास असा नव्हता. शिंप्याला खोकला आहे, त्याला त्या धुळीत उभं केलंत. वाण्याने दुकान उघडलं नव्हतं, फळ्या लावलेल्या होत्या. आणि हे आमचे मालक!’ ती हसली. ‘सावरीला उन्हाळा संपत आल्यावर फुलं येतात का गं?’

‘त्यांना आवडतंय आत्या. ते रोज करायला तयार आहेत.’

‘माहीत आहे. म्हणून तर.’ तिने खुंटी ठोकली, बोटाने तपासली. ‘झाडांना दुसरं काम नव्हतं. माणसांना असतं.’

मी काहीतरी बोलायला लागले, पण तिने मला थांबवलं. खुर्ची बाजूला सारली, टबातल्या पाण्यात हात धुतले, पदराला पुसले. सगळं नेहमीच्या क्रमाने, सावकाश.

‘मी काय म्हणाले होते? कामाला जाताना हात धरावा लागेल त्या दिवशी. आज चौघांनी धरला. इतक्या प्रेमाने धरला की मला तो सोडवून घेता आला नाही.’ मग तिने हात पुढे केला. ‘धर. आणि घट्ट नको, पळून जात नाहीये मी.’

आयुष्यात पहिल्यांदा मी आत्याचा हात धरून रस्त्यावर आले. खरखरीत, वेताच्या पाण्याने गार पडलेला हात. मला हवं होतं तेच झालं होतं. पडू नये ती म्हणून मी फक्त खाली, खडीकडे बघत होते. गाड्या दोन्ही बाजूंनी सुसाट जात होत्या. माणसं आपापल्या कामाला लागलेली होती, वाण्याचं दुकान उघडं होतं, रस्ता मोकळा आणि सरळ होता. मी तिला सरळ घेऊन चालले.

अचानक तिने माझा हात आवळला. नखं रुतली. ती जागच्या जागी उभी राहिली होती आणि तिचा चेहरा, काहीतरी अंगावर आल्यासारखा, एका बाजूला वळला होता.

‘काय झालं? खडा लागला का?’

मोकळा हात तिने पुढे केला, मग मागे, मग कमरेच्या उंचीवर हवेत हळूहळू फिरवला. हाताला काहीच लागलं नाही.

‘अगं,’ ती म्हणाली, ‘आपण पोटोबाच्या आतून आलो.’